माळ्यावरच्या दोन कॅसेटी

मागच्या उन्हाळ्यात घराला रंग काढायचे ठरले. रंग काढायचा म्हणजे आधी माळा रिकामा करावा लागतो, हे चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. पितळेची भांडी उतरली, जुन्या गोधड्या उतरल्या आणि सर्वांत शेवटी आमच्या वडिलांची पत्र्याची पेटी खाली आली. पेटीच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या दोन काळ्या कॅसेटी होत्या. एकीवर निळ्या शाईने लिहिले होते, 'मंगल परिणय, दि. १० मे १९९२'. दुसरी कोरी. तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

आमची मुलगी आठवीत आहे. तिने कॅसेट उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "पप्पा, हे काय आहे?"

"आत्याच्या लग्नाची कॅसेट," आम्ही म्हणालो.

तिने कॅसेटची झडप उघडून आतली काळी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "पण यात लग्न कुठे दिसतंय?"

प्रश्न साधा होता, पण आमच्याकडे त्याचे उत्तर तयार नव्हते. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर, कपाटावर किंवा पलंगाखाली अशी एखादी कॅसेट पडून असेल. तिच्यात तुमच्या घरातील कुणाचे तरी लग्न, कुणाचा तरी वाढदिवस असेल. त्यातली काही माणसे आज हयात नसतील. म्हणून या पानावर एरवी शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि मुलांचे शिक्षण यांवर लिहिणारे आम्ही आज या कॅसेटीविषयी लिहीत आहोत.

श्रीमंतांचा सिनेमा

घरातला सिनेमा ही कल्पना फार जुनी आहे. पण ती आपल्या घरापर्यंत यायला बराच काळ लागला. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९२३ साली घरगुती वापरासाठी १६ मिलिमीटरची फिल्म आणली. ती महाग पडते म्हणून १९३२ साली ८ मिलिमीटरची आणली. त्यात एक गंमतीची काटकसर होती. फिल्म १६ मिलिमीटर रुंदीचीच असे. आधी तिच्या एका अर्ध्या भागावर चित्रण करायचे, मग रीळ उलटून दुसऱ्या अर्ध्या भागावर. धुऊन झाल्यावर कारखान्यात ती मधोमध उभी कापत आणि दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडून देत. १९६५ साली 'सुपर ८' आली. तिचे बंद डबे कॅमेऱ्यात नुसते बसवायचे. एका डब्यात ५० फूट फिल्म, म्हणजे नेहमीच्या वेगाने ३ मिनिटे २० सेकंदांचे चित्रण.

एवढ्या थोड्या वेळात काय काय बसवायचे? म्हणून त्या काळचा माणूस कॅमेऱ्याचे बटण जपून दाबत असे. फिल्म बहुतेक मुकीच असे. आवाजाची सुपर ८ यायला १९७३ साल उजाडले. पाहण्यासाठी प्रोजेक्टर हवा, पडदा हवा, अंधार हवा. आमचे वडील रेल्वेच्या कारशेडमध्ये खलाशी होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसे. अशा घरात हा सिनेमा कुठून येणार?

तरीही साध्या माणसाने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र कधी कधी इतिहास बनते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत डॅलस शहरात अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. ती सलगपणे टिपली गेली अब्राहम झाप्रूडर नावाच्या एका कपडे व्यावसायिकाच्या ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्यात. जेमतेम २६ सेकंदांची ती फिल्म पुढे चौकशीतील महत्त्वाचा पुरावा ठरली. आपल्याकडचे उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तिचे चित्रीकरण साहित्यिक व चित्रपटकर्मी नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. अशी माणसे त्या दिवशी कॅमेरा घेऊन उभी राहिली नसती, तर तो जनसागर पुढच्या पिढ्यांना फक्त शब्दांतून कळला असता.

एका रात्रीचे तीन पिक्चर

आपल्या वस्त्यांमध्ये हलते चित्र आले ते व्हिडिओच्या पाठीवर बसून. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली बेटामॅक्स आणले, तर जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. दोघांत बरीच वर्षे झुंज चालली. सुरुवातीच्या बेटामॅक्स कॅसेटीत तासभराचेच चित्रण मावे. व्हीएचएसमध्ये जास्त मावे आणि ती यंत्रे अनेक कंपन्या बनवीत. त्यामुळे व्हीएचएस जिंकले. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास व्हीसीआर हा शब्द घरोघर पोचला.

घरोघर पोचला तो शब्द, यंत्र नव्हे. यंत्र भाड्याने यायचे. चाळीत वर्गणी निघायची. शनिवारी संध्याकाळी दुकानातला मुलगा हातगाडीवर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन यायचा. सोबत तीन पिक्चर. लहान मुले पुढे सतरंजीवर, बायका मागे, पुरुष गॅलरीत उभे. पहिला पिक्चर आईवडिलांचा, दुसरा सगळ्यांचा, तिसरा तरुण पोरांचा. पहाटे तिसरा संपेपर्यंत आम्ही कधीच जागे राहिलो नाही, पण "पूर्ण पाहिला" असे मात्र शाळेत ठोकून देत असू.

मध्येच चित्रावर रेघा यायच्या. मग कुणीतरी जाणता पुढे होऊन ट्रॅकिंगची कळ फिरवायचा. नाहीच जमले तर "हेड साफ करायला पाहिजे" असा निकाल द्यायचा. हेड म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसे आणि आम्हालाही नसे.

ताईचे लग्न

१९९२ साली आमच्या थोरल्या ताईचे लग्न ठरले. तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. आमच्या वडिलांना सगळी चाळ आण्णा म्हणत असे. ते पैशाला जपणारे, बसचे भाडे वाचवून चालत जाणारे. पण या वेळी त्यांनी जाहीर केले, "लेकीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचं." आई म्हणाली, "त्या पैशात चार भांडी जास्त येतील." आण्णा म्हणाले, "भांडी झिजतील. हे राहील."

शूटिंगवाला आला तो खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन. त्याच्यामागे हातात सनगन धरलेला एक पोरगा आणि त्या पोराच्या मागे वायर सोडवत फिरणारा दुसरा पोरगा. दिव्याचा झोत तोंडावर पडला की माणूस जागच्या जागी पुतळा होई. हलते चित्र काढायला आलेल्या कॅमेऱ्यापुढे सगळी चाळ फोटोसारखी ताठ उभी राहिली! कुणी पदर सारखा केला, कुणी नवे घड्याळ दिसावे म्हणून बाही वर सरकवली.

आण्णांचा व्यवहार चोख. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचे शूटिंग करण्यासाठी लागणारी कोरी कॅसेट त्यांनी स्वतः विकत आणून दिली, म्हणजे तेवढे पैसे बिलातून कमी होतील. लग्नाच्या दिवसाच्या कॅसेटी शूटिंगवाल्याच्या होत्या. पुढे मिक्सिंग झाल्यावर त्याने आपल्या कॅसेटी पुसून दुसऱ्या लग्नाला वापरल्या. आण्णांनी मात्र आपली कॅसेट मागून घेतली. "पैसे आमचे, कॅसेट आमची." माळ्यावरची ती बिनलेबलाची कॅसेट हीच असणार, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

मिक्सिंग ही त्या काळची मोठी नवलाई. ताईचा चेहरा बदामाच्या आकारात यायचा, पडदा पान उलटल्यासारखा उलटायचा, पाहुण्यांची रांग कारंज्यातून निघायची. आणि या सगळ्यावर सिनेमाची गाणी. आम्हाला ते फार आवडले. पण गाणी घालताना खरा आवाज काढून टाकला जातो, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. त्या पूर्ण कॅसेटीत माणसे बोलताना दिसत, हसताना दिसत, पण ऐकू यायचे ते गाणे. फक्त वंदना, मंगल परिणयाचा विधी आणि त्यानंतरचे आशीर्वाद, एवढ्यालाच मूळ आवाज ठेवला होता. त्यात शेवटी आण्णांनी माइक हातात घेऊन पाहुण्यांचे आभार मानले होते.

आमचा अपराध

९ मार्च १९९६. बंगळूरला विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. आम्ही आठवीत. आखातातून परतलेल्या एका शेजाऱ्यांकडे व्हीसीआर होता. रेकॉर्डिंग होणारा. त्यांचा मुलगा आमचा मित्र. भारताची शेवटची षटके सुरू झाली आणि अजय जडेजाने वकार युनूसला धुवायला सुरुवात केली. मित्र ओरडला, "कॅसेट आण, कॅसेट!"

कोरी कॅसेट कुणाकडे असणार? आम्ही धावत घरी आलो आणि ताईच्या लग्नाची कॅसेट घेऊन गेलो. मनात हिशेब असा, की लग्न संपल्यावर मागची पट्टी रिकामी आहे, तिच्यावर करू. पण कॅसेट पुढे नेऊन पाहायला वेळ कुणाला होता? ती मधेच कुठेतरी थांबलेली होती, तशीच आत ढकलली आणि बटण दाबले.

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर डाव्या बाजूला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते. ती मोडून टाकली की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. दोन सेकंदांचे काम. आमच्या घरात ते कुणी केले नव्हते, कारण कुणाला माहीतच नव्हते.

जडेजाने २५ चेंडूंत ४५ धावा केल्या, भारत जिंकला, आम्ही नाचलो. पुढच्या वर्षी ताई माहेरी आली असताना व्हीसीआर आणून कॅसेट लावली. विधी झाला, आता आशीर्वाद सुरू होणार, तेवढ्यात पडदा थरथरला आणि हिरवे मैदान आले. वीस मिनिटे क्रिकेट. मग पुन्हा पडदा थरथरला आणि ताई रडत रडत गाडीत बसताना दिसली, मागे गाणे.

सगळे घर आमच्याकडे पाहू लागले. आई तर मारायलाच उठली. आण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे. माझ्या भाषणापेक्षा त्याची बॅटिंग बरी." सगळे हसले आणि विषय संपला.

विषय संपला असे आम्हाला वाटले. २००९ साली आण्णा गेले. भिंतीवर लावायला फोटो मिळाला. रेल्वेच्या ओळखपत्रासाठी काढलेला मोठा करून घेतला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ताई सहज म्हणाली, "आण्णांचा आवाज कुठेच नाही रे आपल्याकडे." ती आम्हाला बोल लावत नव्हती. पण ते वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही.

लॅमिंग्टन रोडवर

माळ्यावरच्या त्या दोन कॅसेटी घेऊन आम्ही एका शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. नवा व्हीसीआर आता बाजारात मिळत नाही. जपानची फुनाई ही शेवटची मोठी उत्पादक कंपनी. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. जुनी यंत्रे दुरुस्त करून चालवणारे थोडेच कारागीर उरले आहेत. असेच एक वयस्कर गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर भेटले. त्यांनी आधी दोन्ही कॅसेटी उजेडात धरल्या. बिनलेबलाच्या कॅसेटीच्या खिडकीतून आत पांढरी भुकटी दिसत होती.

"बुरशी आहे. ही अशीच लावली असती तर कॅसेट पण गेली असती आणि मशीन पण," ते म्हणाले.

आमच्या मुलीने घरी विचारलेला प्रश्न आम्ही त्यांना विचारला. या पट्टीत लग्न असते कुठे? त्यांनी मशीनचे झाकण काढून दाखवले. पट्टी म्हणजे अर्धा इंच रुंद पॉलिस्टरची फीत. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा लेप असतो. आत एक चकचकीत ढोल तिरका बसवलेला असतो आणि तो सेकंदाला २५ फेरे फिरतो. त्यावरच्या केसाएवढ्या बारीक हेडने चित्र पट्टीवर तिरप्या रेघांमध्ये लिहिले जाते. साधा आवाज मात्र वेगळ्या हेडने, पट्टीच्या कडेला सरळ रेषेत लिहिला जातो. नवे रेकॉर्डिंग करताना आधी एक हेड जुने सगळे पुसून टाकते. म्हणून क्रिकेटखाली गेलेले आशीर्वाद परत येणार का, या आमच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर दोन शब्दांचे होते, "पुसलं ते पुसलं."

बिनलेबलाची कॅसेट त्यांनी ठेवून घेतली. ती उघडून, फीत हळूहळू साफ करून दुसऱ्या खोक्यात बसवायला त्यांना दहा दिवस लागले. आम्ही ताईला सोबत घेऊन गेलो. चित्र फारच खराब होते. रेघा, पांढरे ठिपके, मधेच निळा पडदा. पण आवाज कडेच्या सरळ रेषेत असल्यामुळे बराचसा वाचला होता. या कॅसेटीवर मिक्सिंग झालेले नव्हते, म्हणून वर गाणेही नव्हते. भांड्यांचा आवाज, पोरांचा गोंधळ, कुणीतरी मीठ मागतेय. आणि अचानक, चित्रात न दिसता, आण्णांचा आवाज आला:

"अरे, त्या म्हातारीला आधी ताट वाढा. सकाळपासून गाडीत बसून आलीय ती. शूटिंग काय, पळून जातंय का?"

बस, एवढेच. भाषण नाही, आभार नाहीत. गावाहून आलेल्या चुलत आजीच्या जेवणाची काळजी. ताईने ते तीन वेळा ऐकले. चौथ्यांदा लावायला सांगताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग डोळे पुसून आमच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "तुझ्या जडेजाला माफ केलं."

वाचकांनी काय करावे

हे सर्व सांगण्याचा हेतू केवळ आठवणी काढणे हा नाही. चुंबकीय फीत कायमची टिकत नाही. तिचा लेप सुटतो, आपल्या दमट हवेत बुरशी धरते आणि वाजवणारी यंत्रेही संपत चालली आहेत. २०१९ साली युनेस्कोच्या कार्यक्रमातून ध्वनिचित्र संग्रहांसाठी 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' या नावाने इशारा दिला गेला, की २०२५ च्या सुमारास अशा फिती वाजवणे कठीण होत जाईल. तो काळ येऊन ठेपला आहे. म्हणून काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, कॅसेट सापडली की लगेच कुणाच्या तरी जुन्या व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी खिडकीतून पाहा. पांढरे काही दिसले तर जाणकाराकडेच न्या. दुसरी, पाठीवरची ती छोटी पट्टी आजच मोडा. तिसरी, कॅसेट आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी. स्पीकर किंवा मोटारीजवळ नको, कारण त्यात लोहचुंबक असतो. चौथी, तिचे रूपांतर करून घ्याल तेव्हा निदान दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी सीडी करून घेतल्या, त्यांनीही त्या आजच तपासाव्यात. सीडीसुद्धा खराब होतात. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. खर्च जड वाटत असेल तर चार नातेवाइकांनी वर्गणी काढावी. पिक्चरसाठी काढत होतोच की!

आणि पाचवी गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. कॅसेट पाहताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा आणि वही घ्या. हा कोण, ही कोण, कुठल्या गावची, काय काम करायची, ते लिहून ठेवा. ताईच्या कॅसेटीतील निम्मी माणसे आम्हाला ओळखता आली नाहीत. आई नव्वदीला टेकली आहे, पण तिने एकेकाचे नाव सांगितले आणि आमच्या मुलीने लिहून घेतले. सात पाने भरली.

जुने यंत्र परत यावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. रेघांचे चित्र आणि हेड साफ करण्याची कटकट कुणाला हवी? आज आमच्या मोबाईलमध्ये हजारभर व्हिडिओ आहेत. पण ते आम्ही कधी एकत्र बसून पाहिल्याचे आठवत नाही. त्या काळी तीन तासांची एकच कॅसेट होती आणि ती पाहायला अख्खी चाळ बसत होती. हरवले असेल तर ते बसणे हरवले आहे, आणि ते परत आणणे आपल्या हातात आहे.

येत्या रविवारी ताईकडे सगळे जमणार आहोत. विधी पाहू, मग वीस मिनिटे क्रिकेटही पाहू. आमच्या मुलीने सांगितले आहे की तेवढा भाग कापायचा नाही. तोही आता घरच्या इतिहासात गेला आहे. शेवटी दुसरी कॅसेट लावू आणि जेवायला बसताना सर्वांत वयस्कर माणसाला ताट आधी वाढू. आण्णांनी तसे सांगून ठेवले आहे.